कल्हट्टीची 36 वळणं आणि तासगावचे बेदाणे

म्हैसूर, आदली संध्याकाळ

खोक्यातून सायकल काढली, मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, जागेवर बसवला, हँडल सरळ केलं आणि मगच खोलीत दुसऱ्या पलंगावर कोण आहे ते पाहिलं. तासगावच्या एक ताई होत्या. वय 56, घरची द्राक्षबाग, या स्पर्धेला त्यांची ही तिसरी खेप. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत त्या नायलॉनची दोरी बांधत होत्या. "कपडे वाळत घालायला. रात्रभर पंखा फुल्ल ठेवायचा बघ. थंडी वाजली तर दोन पांघरुणं घे, पण पंखा बंद करायचा नाही." मी नाशिकची, फिजिओथेरपिस्ट, वय 41. दोघी द्राक्षांच्या मुलखातल्या निघालो, बोलणं सुरू व्हायला तेवढं पुरलं.

टूर ऑफ नीलगिरीज ही हौशी सायकलस्वारांची स्पर्धा 2008 साली सुरू झाली. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो. आमच्या वाट्याला म्हैसूर, मडिकेरी, सुलतान बत्तेरी, उटी आणि परत म्हैसूर असे सात दिवस आले, त्यात एक दिवस विश्रांतीचा. दिवसभराचं सगळं अंतर घड्याळावर नसतं. रोज एखादा तुकडा ठरवलेला असतो. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर टायमिंगची पट्टी, सायकलला चिप. बाकीचा रस्ता आपापल्या चालीने, मात्र ठरलेल्या वेळेच्या आत पार करायचा. मागून सॅग गाडी, म्हणजे मदतीची गाडी, येत असतेच.

मी आले होते ती कल्हट्टीच्या घाटासाठी. दोन वर्षांपूर्वी घरच्यांबरोबर मोटारीने उटीला जाताना मसिनगुडीकडून हा घाट चढलो होतो. पहिल्या गिअरवर गाडीचा आवाज ऐकत मागच्या सीटवर बसले होते, आणि तेव्हाच ठरवलं की इथे सायकल घेऊन यायचं. त्यानंतर किती रविवारी नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा घाट दोनदोनदा चढले, मोजलं नाही. नाशकात सायकलचं वेड रुजायला महाजन डॉक्टर बंधूंनी 2015 साली रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली तेही एक मोठं कारण आहे. आमच्या पहाटेच्या राइडमध्ये त्यांचा विषय आजही निघतो.

पहिला दिवस: म्हैसूर ते मडिकेरी, सुमारे 120 किमी

हुणसूरपर्यंत सपाट रस्ता, कोवळं ऊन, मोठा घोळका. बैलकुप्पेच्या तिबेटी वसाहतीपाशी मरून कपड्यांतले छोटे भिक्षू रस्त्याकडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुशालनगरला कावेरी ओलांडली की कोडगू सुरू होतं आणि रस्ता हळूहळू वर सरकायला लागतो. घड्याळावरचा तुकडा इथेच होता, सुंटीकोप्प्याच्या दिशेने. चढ मोठा नाही, पण संपतही नाही. दोन्ही बाजूंना कॉफी, सिल्व्हर ओकच्या सरळ खोडांवर चढलेले मिरीचे वेल, आणि अंगणाअंगणात वाळत घातलेली लालभडक कॉफीची फळं. पाय मोकळे होते, मी जीव तोडून मारलं. बायकांत पाचवी आले.

त्यानंतरची दुपार मी ज्या पद्धतीने घालवली तिच्याबद्दल लिहायलाच हवं. हॉटेलच्या पायऱ्यांवर घामेजलेल्या कपड्यांत तासभर गप्पा. मग फोटो पाठवले, घरी फोन केला, नवऱ्याला प्रत्येक चढाचं वर्णन सांगितलं. चारच्या सुमारास जेवले, तेही थोडंच, कारण भूक मेली होती. बिब, म्हणजे सायकलवर घालायची आतून गादी असलेली चड्डी, नुसती पाण्यातून काढून दोरीवर टाकली. खोलीत आले तेव्हा ताई अंघोळ-जेवण आटपून जमिनीवर पाठ टेकून, दोन्ही पाय भिंतीला लावून डोळे मिटून पडल्या होत्या. "छान मारलंस आज," एवढंच म्हणाल्या.

दुसरा दिवस: मडिकेरी ते सुलतान बत्तेरी, 140 किमीच्या आसपास

सकाळी बिब ओली होती. तशीच घातली.

गोणिकोप्पलपर्यंत उतारच जास्त. कुट्ट्याच्या पुढे राज्याची हद्द, तोल्पेट्टीचा वनखात्याचा नाका, सागाचं दाट जंगल. तिथे रस्ता इतका शांत होता की पुढच्या सायकलच्या चेनचा आवाज ऐकू यायचा. मग मानंतवाडी. वायनाडचे चढ नकाशावर दिसत नाहीत. पाचशे मीटर वर, पाचशे मीटर खाली, परत वर, असं ते दिवसभर चालतं.

पनमरमच्या अलीकडे अशाच एका चढावर माझे पाय संपले. आधी भर उन्हात अंगावर काटा आला. मग सायकलच्या कॉम्प्युटरवरचा आकडा दिसूनही कळेना, 100 मधून 140 वजा होतात की उलटं, हे ठरवता येईना. हँडलवरचा हात नीट सरकेना. मी खाली उतरले आणि मैलाच्या दगडावर बसून राहिले.

असं का होतं, हे मी रोज रुग्णांना समजावते. स्नायूंत आणि यकृतात मिळून चारशे-पाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते. जोरात सायकल मारली तर दोन तासांत तिचा तळ दिसायला लागतो. चरबी भरपूर असते, पण चरबीवर चढाचा वेग निभत नाही. आणि ही साठवण सगळ्यात झपाट्याने भरून निघते ती व्यायाम थांबल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत. ते दोन तास मी मडिकेरीच्या पायऱ्यांवर बोलण्यात घालवले होते. दुसऱ्या दिवशी पनमरमला त्याची किंमत मोजावी लागली.

ताई मागून आल्या. सायकल झाडाला टेकवली, पाठीच्या खिशातून छोटी कापडी पिशवी काढली आणि माझ्या तळहातावर बेदाणे ओतले. त्यांच्याच शेडवर वाळवलेले, हिरवट-सोनेरी, लांबट, बोटांना किंचित चिकटणारे. "एकेक चावून खा. गिळू नकोस. वर पाणी पी." समोरच्या टपरीवरच्या चेट्टाने (मल्याळममध्ये दादा) न विचारता लिंबू-सोड्यात मीठ घालून दिलं, वर एक नेंद्रन केळं. वीसेक मिनिटांनी रस्त्याला परत रंग आला. उरलेले तीस-पस्तीस किलोमीटर ताई माझ्यापुढे वारा अडवत चालल्या. त्या दिवसाच्या तुकड्यात मी शेवटून दुसरी होते. ताईही माझ्यापायी मागे पडल्या होत्या, त्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही.

सुलतान बत्तेरीला मी सायकल टेकवते न टेकवते तोच त्यांनी हातात दहीभाताचं ताट दिलं. "आजपासून माझ्यामागं माझ्यासारखं करायचं. चालेल?"

तिसरा दिवस: वायनाडची फेरी

साठेक किलोमीटरची फेरी, चहाचे मळे, सोपा दिवस. रस्त्यात लक्षात राहण्यासारखं खूप होतं, पण माझं लक्ष दुपारवर होतं.

ताईंची दुपार अशी. सायकलवरून उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत खायचं, भूक असो वा नसो. अंघोळीला कपड्यांसकट जायचं, साबण लावून ते पायाखाली तुडवायचे. मग बिब. कोरडा पंचा पलंगावर सपाट पसरायचा, त्यावर बिब उलटी करून, आतली गादी वर येईल अशी ठेवायची, पंचाची घट्ट वळकटी करायची. वळकटीचं एक टोक पायाखाली दाबायचं आणि दुसरं टोक दोन्ही हातांनी पिळत न्यायचं. पंचा गादीतलं पाणी ओढून घेतो. मग उलटीच दोरीवर, पंख्याखाली. सकाळी गादी ओली राहिली की मांड्यांच्या सांध्यात कातडी सोलवटते, आणि एकदा सोलवटली की पुढचे दिवस नीट बसताच येत नाही.

त्यानंतर सायकल. चेन जुन्या बनियनच्या तुकड्यात धरून पॅडल उलटं फिरवायचं, कापड काळं व्हायचं थांबेपर्यंत. मग प्रत्येक कडीच्या सांध्यावर तेलाचा एकच थेंब, शंभराच्या वर कड्या, एकही चुकवायची नाही, आणि वरचं तेल पुसून टाकायचं. ताई हे करताना बोलत नसत. द्राक्षाच्या घडातले बारके मणी कात्रीने काढताना बायका जशा गप्प होतात तशा. शेवटी पाय भिंतीला लावून वीस मिनिटं. फोन त्यानंतर.

"पहिल्या वर्षी मीही तुझ्यासारखीच," म्हणाल्या. "रस्त्यावर जिंकायची आणि खोलीत हरायची. सात दिवसांची स्पर्धा म्हणजे सात दुपारी असतात गं. सकाळी काय, सगळेच मारतात."

चौथा दिवस: सुलतान बत्तेरी ते उटी, कल्हट्टीमार्गे

पहाटे बिब कोरडी, पाय हलके. गुडलूरपर्यंत चढ-उतार, तिथून मुदुमलाईच्या जंगलात उतरून तेप्पाकाडू. मोयार नदीच्या पुलाजवळ हत्तींची छावणी आहे. नदीत दोन माहूत एका हत्तीला घासत होते, आणि तो कुशीवर पडून सोंडेने पाणी उडवत होता. मसिनगुडीला सगळे थांबलो. मी दोन इडल्या आणि एक केळं खाल्लं, खिशात ताईंचे बेदाणे.

मसिनगुडी समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आत-बाहेर. उटी 2,240. मधल्या उंचीतली जवळजवळ सगळी चढाई बारा-एक किलोमीटरच्या घाटात कोंबलेली आहे. वळणं 36. प्रत्येक वळणावर तमिळमध्ये 'कोंडै ऊसी वळैवु', म्हणजे केसांच्या आकड्यासारखं वळण, असा फलक आणि त्यावर आकडा. या घाटातून बाहेरच्या गाड्यांना खाली उतरायला बंदी आहे, कारण ब्रेक तापून निकामी झाल्याने इथे खूप अपघात झाले. वर जायला परवानगी आहे.

मावनल्ल्यापर्यंत रस्ता जवळपास सपाट. दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं, वाळकं गवत, घाणेरी. पावसाच्या आडोशाचा हा मुलूख, डिसेंबरातही धूळ उडते. आणि समोर एक भिंत. तिच्यात रस्ता कुठून शिरतो ते शेवटपर्यंत दिसत नाही.

फलकावरचे आकडे पाहायचे नाहीत असं ठरवलं होतं. मी वळणं स्वतःशी मोजत होते, सहा-सहाचे सहा गट करून. पहिल्या सहांत सगळे माझ्यापुढे निघून गेले, जाऊ दिले. पुढे 34 दात्यांचं चाक, मागे 32 चं, यापेक्षा हलका गिअर माझ्याकडे नव्हता. वेग ताशी सात किलोमीटर. वळणाच्या आतल्या बाजूला रस्ता नुसता उभा असतो, तिथे सापडलं की चाक जागीच थांबतं. म्हणून गाडी येत नाही असं पाहून बाहेरची कड धरायची. तिथे क्षणभर चढ मंदावतो, तेवढ्यात उभं राहून पाठ सरळ करायची आणि वळण संपता संपता परत बसायचं. हे मी गडावर शिकले होते, पण गडाचा घाट दहा किलोमीटरचा आणि बराच दयाळू. इथे मधे श्वास घ्यायला सपाट तुकडाच नाही.

तिसऱ्या गटात पुढे गेलेले दिसायला लागले. कुणी कठड्यावर बसलेलं, कुणी सायकल ढकलत. क्लच जळल्याचा वास घाटभर होता. एक माकडीण पोटाला पिल्लू धरून कठड्यावरून माझ्या बरोबरीने चालत होती, तिला घाई नव्हती आणि ती माझ्याइतकीच पुढे जात होती. घामाचे थेंब वरच्या नळीवर टपटप पडत होते, आणि दर दोन वळणांनी मी एक बेदाणा दाढेखाली धरत होते.

चौथ्या गटात हवा बदलली. काटेरी झुडपं मागे पडली, गाजर-बटाट्याचे पायऱ्या-पायऱ्यांचे वाफे दिसले, अंगावरचा घाम गार पडला. निलगिरीच्या झाडांचा औषधी वास यायला लागला. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की होणार.

एकोणतिसाव्या वळणात एक मोटार बंद पडून आडवी उभी होती. बाहेरची कड अडलेली, आतून जायला जागा नाही. मला पाय टेकवावा लागला. इतके महिने मनात एकच होतं, पाय टेकवायचा नाही. बूट पॅडलच्या पकडीतून सुटून डांबरावर आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. तिथे कुणाची चूक नव्हती, तरीही आलं. अशा उभ्या चढावर परत निघणंही सोपं नाही. सायकल रस्त्याला आडवी लावायची, एक पाय अडकवायचा, तिरपी धाव घेत दुसरा अडकवायचा, आणि त्याच झोकात वर वळवायची. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

तलैकुंद्याजवळच्या पट्टीवर घड्याळ थांबलं, 1 तास 48 मिनिटं. मी जर्किन चढवून तिथेच थांबले. ताईंचं जर्किन सॅग गाडीतून मागून घेतलं आणि हातात धरून वळणाकडे बघत उभी राहिले.

त्या आल्या अडीच तासांच्या जरा आत. मान खाली, खांदे अजिबात हलत नव्हते, पाय मात्र गिरणीच्या पट्ट्यासारखे एका चालीत. पट्टी ओलांडून दहा पावलांवर थांबल्या आणि हँडलवर कपाळ टेकवलं. मी जर्किन पाठीवर टाकलं. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "नाही टेकवला गं. एकदाही नाही." पहिल्या वर्षी अकरा वेळा, मागच्या खेपेला चार वेळा टेकवला होता. मी त्यांना मिठी मारली. त्या थरथरत होत्या, थंडीने की कशाने ते विचारलं नाही.

"चल," म्हणाल्या, "जेवायची वेळ टळतीय."

पाचवा दिवस: उटी, विश्रांती

उटीत कपडे वाळत नाहीत. पहाटे गवतावर पांढरं दहिवर गोठलेलं, खोलीत पंखाच नाही. ताई थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेल्या, आचाऱ्याशी खुणांनी बोलल्या आणि चुलाणाशेजारी दोरी बांधून आल्या. संध्याकाळी सगळं खडखडीत वाळलं. हातमोज्यांना रस्समचा वास लागला, तो परत येईपर्यंत गेला नाही. दुपारी चहाबरोबर उटीची वर्की खाल्ली, पापुद्र्यांची, खुसखुशीत, आणि झोपलो.

सहावा दिवस: उटी, कुन्नूर, कोत्तगिरी, उटी

सत्तरेक किलोमीटर. कुन्नूरकडे उतरताना केत्तीच्या दरीपलीकडे डोंगरातली रेल्वे दिसली. 1908 साली ती उटीपर्यंत पोचली, 2005 मध्ये जागतिक वारशात गेली. मेट्टुपाळयमहून येताना कल्लार ते कुन्नूर हा खडा भाग चढायला रुळांच्या मधे दात्यांचा तिसरा रूळ घातला आहे, इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकत वर येतं. चेन आणि दाते यांवर आठवडा काढल्यावर ती गाडी अगदी आपली वाटते.

घड्याळावरचा तुकडा कुन्नूरहून कोत्तगिरीकडे, चहाच्या मळ्यांतून. आणि इथे मला कळलं ताई काय सांगत होत्या. पहिल्या दिवशी मला सहज मागे टाकणाऱ्या दोघी-तिघी इथे चढावर अक्षरशः लटकल्या होत्या. एकीला बसवत नव्हतं, एकीची चेन कोरडी पडून कर्कश वाजत होती, एक तर रात्री झोपलीच नव्हती. मी काही जास्त जोरात मारलं नाही. तरी तिसरी आले. रस्त्याकडेला चहाची पानं खुडणाऱ्या बायका पाठीवर पोती घेऊन उभ्या होत्या, त्यांतली एक हसत काहीतरी ओरडली, बाकीच्यांनी हात हलवले. मीही एक हात सोडून हलवला.

सातवा दिवस: उटी ते म्हैसूर, सुमारे 155 किमी

पायकाराहून गुडलूरचा उतार. बोटं इतकी गारठली की ब्रेक दाबला जातोय का हे बघून ठरवावं लागत होतं. पुढचा-मागचा आलटून पालटून दाबत उतरले. मुदुमलाई आणि बंदीपूरच्या जंगलात घड्याळ नाही, शर्यत नाही. हा रस्ता रात्री 9 ते सकाळी 6 वाहनांना बंदच असतो, दिवसाही थांबायला मनाई. आम्ही गटाने, पुढे-मागे गाड्या घेऊन चाललो. एका वळणापाशी पुढच्या गाडीने हात वर केला. हत्तीण रस्ता ओलांडत होती, पोटाखाली पिल्लू. शंभर सायकलींतून एक आवाज आला नाही.

गुंडलुपेटच्या पुढे मोकळं रान आणि समोरून वारा. सहा-सात जणांनी रांग धरली, मिनिटा-मिनिटाला पुढचा बाजूला होऊन मागे. ताई रांगेत माझ्यामागे होत्या. त्यांची पाळी आली की मी हळूच अर्धं मिनिट जास्त ओढत होते. पनमरमचं थोडं तरी फेडावं म्हणून.

म्हैसूरला सायकली टेकवल्या. एकूण वेळेत मी अकरा जणींत चौथी, ताई आठव्या. लोक नाचत होते. ताईंनी दोन ताटं आणली, मग आम्ही खोलीत जाऊन पंचे पसरले, बिब पिळल्या, दोरी बांधली, पंखा फुल्ल केला. दुसऱ्या दिवशी दोघींनाही सायकल चालवायची नव्हती.

खोक्यात सायकल भरताना ताईंनी उरलेल्या बेदाण्यांची पिशवी माझ्या बॅगेच्या कप्प्यात सारली. "मार्चमध्ये शेडवर माल पडतो आमच्या. ये. एसटीनं नको येऊस, सायकल घेऊन ये. चारशे किलोमीटर असंल, दोन मुक्काम पुरे." मी डायरीत तारीख लिहून घेतली आहे. संगमनेर, मग कुठे मुक्काम करायचा ते बघायचं आहे.